लोकवर्गणीचे कार्यक्रम : सेवा क्लबांचा निधी आणि यवतमाळचा हंगाम

सेवा क्लबाकडे दोन प्रकारचा पैसा येतो. सभासद दरवर्षी भरतात ती वर्गणी हा पहिला प्रकार. तिच्यातून बैठकीच्या जागेचे भाडे, चहापाणी, छपाई आणि वरच्या संघटनेला द्यायचा वाटा भागतो. एखाद्या कामासाठी गावाने विश्वासाने दिलेला पैसा हा दुसरा प्रकार. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिबिरे, गरजू मुलींना सायकली, रुग्णालयाला डायलिसिस यंत्र, शाळेत पाण्याची सोय ही कामे या दुसऱ्या पैशावर चालतात. तो जमवण्यासाठी नाटके, गाण्यांचे कार्यक्रम, आनंदमेळे, स्पर्धा आणि स्मरणिका यांचा आधार घेतला जातो.

सेवा क्लब हा प्रकार परदेशातून आला. पॉल हॅरिस यांनी १९०५ साली शिकागोत रोटरीची सुरुवात केली आणि त्याच शहरात १९१७ साली मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स संघटना उभी राहिली. भारतातला पहिला रोटरी क्लब १९१९ साली कलकत्त्यात निघाला, तर पहिला लायन्स क्लब १९५६ साली मुंबईत. पुढे जेसीज, इनरव्हील यांसारख्या संघटनांसह हे क्लब जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. यवतमाळ, पुसद, वणी येथे त्यांच्या शाखा आहेत.

लोकवर्गणीची रीत मात्र इथली आणि कितीतरी जुनी आहे. हरिनाम सप्ताह, काल्याचा महाप्रसाद, यात्रेतली कुस्त्यांची दंगल, गणपती आणि देवी हे सगळे वर्गणीवरच चालत आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंताजी दामोदर काळे यांच्या ‘पैसा फंडा’ने या रीतीला सार्वजनिक कामाचे वळण दिले. माणशी एक पैसा मागणाऱ्या या फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. देणगी लहान आणि देणारे पुष्कळ, हे त्याचे सूत्र होते. क्लबाच्या कार्यक्रमांमागचे सूत्रही तेच आहे.

दोन खाती

लायन्स संघटनेच्या नियमांनुसार क्लबाच्या पैशाची दोन खाती वेगळी ठेवावी लागतात : एक प्रशासकीय आणि दुसरे सेवाकार्याचे. लोकांकडून जमलेला पैसा सेवाकार्याच्या खात्यातच जातो. कार्यक्रमाचा प्रत्यक्ष खर्च त्यातून वजा करता येतो, पण क्लबाचे जेवण, पदाधिकाऱ्यांचा प्रवास किंवा पदग्रहण सोहळा त्यातून करता येत नाही. ज्या संघटनेत हा नियम लिहिलेला नाही, तिनेही तो पाळणे हिताचे असते. तिकीट घेणाऱ्याला आपले पैसे शिबिरात गेले की मेजवानीत, हे विचारण्याचा हक्क असतो आणि दोन खाती असली की उत्तर बँकेच्या पासबुकातच मिळते.

रोटरीच्या अनेक क्लबांनी देणग्या स्वीकारण्यासाठी स्वतंत्र धर्मादाय न्यास नोंदवले आहेत. क्लबाचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो, पण न्यास कायम राहतो. त्यामुळे मोठी यंत्रसामग्री, तिची देखभाल आणि करसवलतीची कागदपत्रे सांभाळणे सोपे जाते.

तारीख ठरवताना

रोटरी आणि लायन्स यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते. नवा अध्यक्ष पदावर येतो तेव्हा त्याचा उत्साह भरात असतो. यवतमाळ जिल्ह्याचा खिसा मात्र नेमका त्याच वेळी रिकामा असतो. जूनमध्ये पेरणी झालेली असते. बियाणे, खते आणि मजुरीवर हातातला पैसा गेलेला असतो. पाऊस लांबला तर दुबार पेरणीची धास्ती असते. बाजारपेठेतला दुकानदारही त्या दिवसांत उधारीवर माल देत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिकीटविक्री ठेवणाऱ्या क्लबाला माणसे कंजूष वाटतात, पण चूक माणसांची नसून तारखेची असते.

सोयाबीन सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत घरात येते. कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होऊन पुढे अनेक वेचे चालतात. जिनिंग सुरू होतात, बाजार समित्यांसमोर कापसाच्या गाड्या लागतात आणि मग पैसा बाजारात फिरू लागतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून दहावी-बारावीच्या परीक्षा येतात, मार्चअखेर पीककर्जाची फेड असते आणि त्यानंतर उन्हाळा. यवतमाळच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात दिवसाचा मेळावा भरत नाही आणि संध्याकाळी लग्नाच्या पंगती असतात. म्हणून तुळशीच्या लग्नापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे सुमारे अडीच-तीन महिने हाच या जिल्ह्यात निधीच्या कार्यक्रमांचा खरा हंगाम ठरतो.

सोयाबीन हाती आले तरी नवरात्राचा काळ सोडून द्यावा लागतो. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भाबाहेरही प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत प्रत्येक चौकातले मंडळ वर्गणीसाठी त्याच दुकानांच्या पायऱ्या चढत असते. त्यातच क्लबाने पावतीपुस्तक पुढे केले, तर दुकानदार देणारच नाही, किंवा दिले तरी कपाळाला आठी घालून देईल.

सगळा जिल्हा कापसावरच चालतो असेही नाही. वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. तिथे पैसा महिन्याच्या पगारातून येतो, त्यामुळे पगारानंतरचा पहिला रविवार सोयीचा. पैनगंगेच्या खोऱ्यात उमरखेडकडे उसाचे बिल कधी निघते, ते पाहावे लागते. यवतमाळ शहरात शिक्षक आणि सरकारी कर्मचारी हा मोठा तिकीट घेणारा वर्ग आहे. अशा रीतीने क्लबाचे वेळापत्रक आपोआप बसते : जुलै-ऑगस्टमध्ये काम निवडणे आणि अंदाजपत्रक, सप्टेंबरमध्ये परवानग्यांची तयारी, दिवाळीनंतर जाहिराती आणि तिकिटे, जानेवारीत कार्यक्रम, आणि जूनच्या आत काम पूर्ण करून हिशेब.

कामाची किंमत आधी

कार्यक्रम ठरवण्यापूर्वी काम ठरलेले असावे लागते. ‘समाजसेवेसाठी मदत’ या शब्दांवर तिकीट खपत नाही. कामाचे लहान, मोजता येणारे भाग पाडले की देणाऱ्याला आपला वाटा दिसतो. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि अंगभर झगा असा फवारणीचा संरक्षक संच शेतमजुरांना देणे, हे क्लबाच्या आवाक्यातले काम आहे. एक संच पाचशे रुपयांना पडतो असे धरले, तर लाखभर रुपयांत दोनशे मजुरांची सोय होते. पाचशे रुपये देणाऱ्याला एका माणसाचे संरक्षण डोळ्यांसमोर दिसते, दोन हजार देणाऱ्याला चार माणसांचे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत, सायकलीत किंवा डायलिसिसच्या एका फेरीतही हीच रीत उपयोगी पडते.

कार्यक्रमांचे प्रकार

नाटक आणि गाण्यांचा कार्यक्रम हा सर्वांत जुना आणि मानाचा प्रकार. नामांकित कलाकार आले की क्लबाचे नाव होते आणि गावाला चांगला प्रयोग पाहायला मिळतो. पण मुंबई-पुण्याचा संच यवतमाळपर्यंत आणायचा तर बस, नेपथ्याचा ट्रक, मुक्काम आणि जेवण यांचा खर्च मानधनाच्या जोडीला येतो. जवळपासचा दौरा चालू असलेला संच गाठला, अमरावती किंवा नागपूरच्या संयोजकांशी तारखा जुळवल्या, तर प्रवासाचा भार वाटला जातो. वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याजवळच्या आनंदवनाने आणखी वेगळी वाट दाखवली. बाबा आमटे यांनी उभारलेल्या या संस्थेतील कुष्ठमुक्त आणि अपंग कलाकारांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद गावोगावी कार्यक्रम करतो. ज्यांच्यासाठी निधी, तेच रंगमंचावर असल्यामुळे पाहणारा कीव न करता दाद देऊन मदत करतो.

आनंदमेळा किंवा खाद्यमेळा कमी जोखमीचा. महिला बचतगट, शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि घरगुती व्यावसायिक स्टॉल घेतात. झुणका-भाकर, ठेचा, पाटवडी-रस्सा, सांबारवडी, आलुबोंडा आणि तर्री-पोहे यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा हुरडा हाताशी असला तर शेतावर हुरड्याचा, एरवी वांग्याच्या भाजीबरोबर रोडग्यांचा बेत ठेवता येतो. मेळ्यात स्टॉलवर रोख पैसे घेऊ दिले की हिशेब विस्कटतो. म्हणून प्रवेशद्वाराजवळच कुपनांचे टेबल असते. लोक तिथे पैसे देऊन कुपने घेतात, स्टॉलवर कुपने देतात आणि रात्री स्टॉलधारक कुपने मोजून देऊन ठरलेला वाटा कापून पैसे नेतो. कुपनांवर क्रमांक आणि शिक्का हवाच, शिवाय दर मेळ्याला रंग बदलावा, म्हणजे मागच्या वर्षीची कुपने या वर्षी चालत नाहीत.

स्पर्धांमध्ये रांगोळी, चित्रकला, वक्तृत्व यांचा खर्च थोडा आणि शुल्कही थोडे. मॅरेथॉन किंवा सायकलफेरीत टी-शर्टवरची प्रायोजकांची नावे हेच मुख्य उत्पन्न. कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांना गर्दी लोटते, पण बक्षिसांची रक्कम फुगली की निधी बक्षिसांतच जिरतो. विदर्भात शंकरपट म्हणून ओळखली जाणारी बैलजोड्यांची शर्यत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केली होती. डिसेंबर २०२१मध्ये ती अटींवर सुरू झाली आणि मे २०२३मध्ये न्यायालयाने तिला परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. तरीही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची तपासणी आणि गर्दीची सुरक्षा या अटी पाहता, अनुभवी मंडळ सोबत असल्याशिवाय क्लबाने तिच्या वाट्याला जाऊ नये.

हर्रास, म्हणजे लिलाव, हा प्रकार विदर्भातल्या गावांना परका नाही. देवीच्या साडीचा किंवा प्रसादाचा हर्रास गावोगावी होतो. चित्रे, हस्तकलेच्या वस्तू, नामवंतांची स्वाक्षरी असलेली पुस्तके यांचा हर्रास क्लबालाही करता येतो. बोली बोलणारा माणूस हजरजबाबी हवा आणि बोलीची रक्कम त्याच दिवशी वसूल व्हायला हवी. उत्साहात बोललेली रक्कम दुसऱ्या दिवशी मागायला गेले की दोघांनाही अवघड होते.

स्मरणिकेचे गणित

मराठी मुलखात निधीचा सर्वांत भरवशाचा आधार स्मरणिका हाच राहिला आहे. कृषी सेवा केंद्रे, जिनिंग, सराफ, रुग्णालये, पतसंस्था, शिकवणी वर्ग आणि कापड दुकाने जाहिराती देतात. मलपृष्ठ, आतील रंगीत पान, पूर्ण पान, अर्धे पान आणि शुभेच्छांची चौकट असे दर ठरलेले असतात.

एका काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीच्या हिशेबावरून तिचे महत्त्व कळते. नाटकाच्या प्रयोगाला मानधन व प्रवास दोन लाख, सभागृह, ध्वनी व प्रकाश चाळीस हजार, मंडप व बैठक तीस हजार, छपाई व प्रसिद्धी वीस हजार, मुक्काम व जेवण वीस हजार, असा तीन लाख दहा हजारांचा खर्च धरू. सरासरी चारशे रुपयांची पाचशे तिकिटे खपली तर दोन लाख येतात आणि प्रायोजकांकडून एक लाख. म्हणजे सभागृह टाळ्यांनी दुमदुमले तरी क्लबाला दहा हजारांची खोट. त्याच निमित्ताने काढलेल्या स्मरणिकेला दीड लाखाच्या जाहिराती मिळाल्या आणि छपाईला चाळीस हजार लागले, तर एक लाख दहा हजार उरतात. खोट भरून निघाल्यावर निव्वळ निधी एक लाख. एकूण जमा साडेचार लाख, म्हणजे शंभरातले बावीस रुपयेच कामासाठी उरले.

याच्या शेजारी खाद्यमेळा ठेवून पाहावा. दीड हजार भाड्याचे तीस स्टॉल आणि वीस रुपये प्रवेशाची दोन हजार माणसे धरली, तर जमा पंच्याऐंशी हजार. मंडप, वीज व स्वच्छतेला पस्तीस हजार गेले, तर उरतात पन्नास हजार. आकडा लहान, पण शंभरातले जवळजवळ एकोणसाठ रुपये कामाला आले आणि बुडण्याची भीतीही कमी. कार्यक्रम निवडताना जमेचा नव्हे, तर शिलकीचा आकडा पाहायचा असतो. पाहुण्यांचे स्वागत, शाली-श्रीफळे, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्हे यांवर शिल्लक नकळत झिजते. एकही तिकीट खपले नाही तरी खर्च निघेल इतके प्रायोजक आधी हाती असावेत, हा सावध संयोजकांचा दंडक आहे.

वस्तू आणि श्रम

सगळी मदत नोटांतच येते असे नाही. मंडपवाला भाडे सोडतो, छापखाना कागदाच्या किमतीत काम करतो, केटरर भांडी देतो, डॉक्टर शस्त्रक्रियेचे शुल्क घेत नाहीत. अशा देणगीची किंमत ठरवून ती हिशेबात जमा आणि खर्च अशी दोन्ही बाजूंना दाखवावी. त्यामुळे देणाऱ्याचा मान राहतो आणि पुढच्या वर्षी तोच मंडप पूर्ण भाड्याने घ्यावा लागला तर अंदाज चुकत नाही.

बाहेरगावी गेलेली माणसे हाही एक मोठा आधार. धोंडो केशव कर्वे यांनी कोकणातल्या आपल्या मुरूड गावासाठी ‘मुरूड फंड’ उभारला, तो अशाच माणसांच्या भरवशावर. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणीची मुले आज पुणे, नागपूर, हैदराबाद येथे नोकरी करतात आणि दिवाळीत घरी येतात. त्या आठवड्यातला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा एखाद्या शाळेच्या कामाला पुरेसा निधी देऊ शकतो.

परवानग्या आणि कायदा

नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो. गणेश आणि दुर्गा मंडळांना ही वाट परिचयाची आहे. नोंदणीकृत न्यासाला लेखापरीक्षण बंधनकारक असतेच. शिवाय विश्वस्त बदलले की फेरफार अर्ज द्यावा लागतो. दरवर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या क्लबांच्या न्यासांत नेमका हाच अर्ज राहून जातो आणि मग बँकेतल्या सह्यांपासून करसवलतीपर्यंत सगळे अडते.

नाटकासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र संचाकडे आहे का, ते पाहावे. मैदान नगरपरिषदेचे किंवा शाळेचे असेल तर लेखी परवानगी, पोलिसांचा ध्वनिक्षेपक परवाना, तात्पुरती वीजजोडणी, अग्निशमनाची सोय आणि वाहने उभी करण्याची जागा यांची यादी महिनाभर आधी पूर्ण व्हावी. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागेत रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. म्हणून तीन तासांचा प्रयोग साडेसहाच्या आतच सुरू व्हायला हवा आणि भाषणे त्याहून आधी आटोपायला हवीत. खाद्यपदार्थांच्या स्टॉलधारकांकडे अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी असावी.

‘लकी ड्रॉ’ची तिकिटे विकण्याचा मोह अनेक क्लबांना होतो. शासनाच्या परवानगीविना लॉटरी चालवणे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. पैसे लावून खेळली जाणारी हाऊसीही जुगाराच्या व्याख्येच्या फार जवळ जाते. काम चांगले आहे म्हणून हा धोका कमी होत नाही.

आयकरात ८० जी या नावाने ओळखली जाणारी सवलत त्या सवलतीची मान्यता मिळालेल्या न्यासाला किंवा निधीला दिलेल्या देणगीवरच मिळते. दोन हजारांपेक्षा अधिक रक्कम रोख दिली तर ती मिळत नाही. कार्यक्रमाचे तिकीट किंवा स्मरणिकेतील जाहिरात ही देणगी नव्हे, कारण तिच्या बदल्यात काहीतरी मिळालेले असते. ‘तिकीट घ्या, करसवलत मिळेल’ असे सांगून विक्री करणे म्हणजे देणाऱ्याची फसवणूक होय. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्तांकडून पैसे घ्यायचे असतील, तर २०१०च्या परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी आधी हवी. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून दिलेल्या पैशाला ती अट लागू नाही.

माणसांची वाटणी

एका माणसाने सगळे करायचे ठरवले की कार्यक्रम होतो, पण पुढच्या वर्षी तो माणूस दिसत नाही. तिकीटविक्री, जाहिराती, मंच, स्वागत, भोजन, सुरक्षा आणि हिशेब अशा समित्या असाव्यात आणि प्रत्येकीचा एकच प्रमुख असावा. पैसे गोळा करणारा आणि पैसे खर्च करणारा हे दोघे वेगळे हवेत. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. फलकावरचा क्यूआर कोड क्लबाच्या किंवा न्यासाच्या खात्याचाच असावा. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात ‘सोयीसाठी’ घेतलेले पैसे त्याच्या प्रामाणिकपणावरही शंका आणतात.

तिकीटविक्रीत सभासदांवर कोटा लादण्याची पद्धत आहे. दहा तिकिटे खपवा, नाहीतर पैसे भरा. त्याने तिकिटे खपलेली दिसतात, पण खुर्च्या रिकाम्या राहतात आणि सभासद कंटाळतात. ज्या शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी निधी आहे, तिथली माणसे विक्रीत उतरली तर तिकीट मागण्यात संकोच राहत नाही.

हिशेब

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीपासून क्लबाची खरी परीक्षा सुरू होते. पावतीपुस्तकांची नोंदवही आधीच असावी : कोणते पुस्तक, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, कोणाला दिले, कधी परत आले. न फाडलेल्या पावत्या रद्द करून जपायच्या, फेकायच्या नाहीत. उरलेली तिकिटे मोजून घ्यायची. रोख रक्कम त्याच रात्री दोघांनी मोजून सह्या करायच्या आणि पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत भरायची. खर्चाचे प्रत्येक बिल क्रमांक टाकून लावायचे. उधारीच्या जाहिरातींची वसुली महिन्याच्या आत झाली नाही, तर ती सहसा होतच नाही.

क्लबाचे वर्ष जूनअखेर संपते आणि सरकारी आर्थिक वर्ष मार्चअखेर, ही बाबही ध्यानात ठेवावी लागते. जानेवारीतल्या कार्यक्रमाची जमा एका आर्थिक वर्षात आणि शिबिराचा खर्च पुढच्या वर्षात, असे नेहमी घडते. म्हणून कार्यक्रमाचा स्वतंत्र ताळेबंद काढून ठेवावा आणि अध्यक्षपदाची सूत्रे देताना शिल्लक, येणी-देणी व अपुरे काम यांची लेखी यादी नव्या मंडळाला द्यावी.

हिशेब तीन ठिकाणी जायला हवा : क्लबाच्या बैठकीत, जाहिरातदार व देणगीदारांच्या हातात आणि ज्यांच्यासाठी निधी जमला त्या गावात. एका पानावर जमा, खर्च, शिल्लक आणि झालेल्या कामाचा तपशील इतके पुरते. दोनशे संरक्षक संच दिले असतील, तर कोणत्या गावात किती आणि कोणाच्या हस्ते, तेही त्यात हवे. काम ठरल्याप्रमाणे झाले नसेल, तर कारण आणि पैसा कुठे ठेवला आहे ते लिहावे. दिवाळी झाली की पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी क्लबाचा माणूस पुन्हा त्याच कृषी केंद्राच्या पायरीवर उभा राहतो, तेव्हा दुकानदार आधी हा कागद आठवतो आणि मगच गल्ल्याकडे हात नेतो.